गुहेतल्या बर्फाचंही ऐका जरा

संपादक महोदय,

'हवामान आधीही बदलत होतं, मग आत्ताच एवढी बोंबाबोंब कशाला' असं एका वाचकाचं पत्र तुम्ही परवा छापलंत. आधी बदलत होतं हे खरंच आहे हो, पण हे आपल्याला कळलं कुठून? दहा हजार वर्षांपूर्वी थर्मामीटर घेऊन कोणी बसलं नव्हतं.

रोमानियात अपुसेनी डोंगरात स्कारिशोआरा नावाची गुहा आहे. उंची फक्त 1165 मीटर, म्हणजे आपलं महाबळेश्वरही तिच्यापेक्षा उंच, तरी आत 1 लाख घनमीटरच्या आसपास बर्फ वर्षभर टिकून असतो. गुहेत शिरायचं तर 48 मीटर खोल खड्ड्यातून खाली उतरायचं, हिवाळ्यात थंड हवा जड असल्याने तिथून आत उतरते आणि उन्हाळ्यातली गरम हवा हलकी, ती खाली जातच नाही, म्हणून थंडी आत कोंडून राहते. जुन्या बर्फावर पावसाचं ठिबकलेलं पाणी साचून उथळ तळं होतं, हिवाळा लागला की ते वरून खाली गोठतं, की झाला एक थर तयार. त्यात पानं, काटक्या, वटवाघळांची विष्ठाही अडकते, कार्बन-14 (जीव मेल्यावर ठराविक वेगाने घटत जाणारा कार्बनचा प्रकार) वरून त्यांचं वय काढता येतं आणि पाण्यातल्या जड-हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून तेव्हा थंडी किती होती याचा अंदाज येतो. एमिल राकोवित्सा या शास्त्रज्ञाने गेल्या शतकातच इथे अभ्यास सुरू केला, 1920 मध्ये क्लुज शहरात गुहांच्या अभ्यासाची जगातली पहिली संस्था त्यानेच काढली. पुढे ड्रिल मारून 22 मीटरच्या वर बर्फ काढला, त्यातून साधारण दहा हजार वर्षांचा रेकॉर्ड मिळाला.

आणि तोही हिवाळ्याचा, हे महत्त्वाचं. झाडांच्या वाढीची वलयं मुख्यतः उन्हाळ्याचं सांगतात, कारण झाड वाढतं तेव्हाच, त्यामुळे जुन्या थंडीबद्दल माहिती मुळातच कमी.

आता त्या वाचकांच्या मुद्द्यावर येतो. पृथ्वीच्या कक्षेत होणाऱ्या संथ बदलांमुळे या दहा हजार वर्षांत उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातलं ऊन हळूहळू कमी होत गेलंय, हिवाळ्यातलं थोडं वाढलंय. म्हणजे जुन्या बदलाला कारण होतं आणि तो हजारो वर्षं चालला होता. त्याच हिशोबाने आज उन्हाळे किंचित थंड व्हायला हवे होते, आणि होतंय नेमकं उलटं, तेही शंभर-दीडशे वर्षांत. मग 'आधीही व्हायचंच' म्हणून कसं चालेल?

अमरनाथचं शिवलिंगही ठिबकणाऱ्या पाण्याच्याच बर्फाचं, पण ते दरवर्षी नव्याने बनतं, जुना हिशोब त्यात उरत नाही. स्कारिशोआरात मात्र उन्हाळ्यात पावसाचं कोमट पाणी शिरलं की सगळ्यात वरचे, म्हणजे अलीकडचे थर आधी जातात, आणि थर्मामीटरच्या आकड्यांशी ताडून बघायला नेमके तेच लागतात.

बर्फ वितळतोय म्हटलं की तुम्ही ध्रुवीय अस्वलाचाच फोटो टाकता. रविवार पुरवणीत एकदा या गुहांना अर्धं पान द्या, आणि मेघालयातल्या मावम्लू गुहेलाही, तिथल्या चुनखडीच्या खांबावरून 2018 मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या शेवटच्या 4200 वर्षांना 'मेघालयन' नाव मिळालंय, ते आपल्याकडे किती जणांना माहितीये?

– एक वाचक, डोंबिवली