रविवारची पदयात्रा : पाऱ्याच्या खाणींचा डोंगर

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी आपण सॅन होजेजवळच्या अल्माडेन क्विकसिल्व्हर पार्कमध्ये दिवसभर चालणार आहोत. सकाळी ठीक 8 वाजता हासिएन्डा प्रवेशद्वारापाशी जमा. तिथलं पार्किंग लहान आहे, तेव्हा एका गाडीत चौघं या.

आज इथे बाग असली तरी 1840च्या दशकापासून इथे पाऱ्याच्या खाणी होत्या. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर ते वेगळं करायला पारा लागे, तो बराचसा इथूनच जाई. हिंगुळाचे, म्हणजे पारा असलेल्या खनिजाचे, लालसर दगड भट्टीत तापवायचे आणि पाऱ्याची वाफ थंड करून गोळा करायची. वर इंग्लिश टाउन ही खाणकामगारांची जुनी वस्ती लागेल. डबे तिथेच उघडू.

आता नियम, आणि यात सूट नाही :

- लाल दगड कितीही सुंदर दिसला तरी उचलायचा नाही. त्यात पारा असतो. मुलांचे खिसे तपासा!
- खाणीच्या तोंडाशी डोकावा, जाळीपलीकडे नको.
- माणशी किमान 2 लिटर पाणी, टोपी. सुरुवातीचाच चढ दमवतो, सावली थोडी.
- पॉयझन ओक या अंगाला खाज आणणाऱ्या झुडपाची तीन-तीन पानं दिसली की लांब राहा. फुल पँट बरी.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत नाव कळवा, गाडीत जागा असेल तर तेही.