पार्किंग ब्रेकच्या लाल दिव्याबाबत लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : दुरुस्ती न करता परत दिलेली गाडी, माझ्या माथी मारलेली बॅटरी आणि आज हेल्पलाइनवर मिळालेली वागणूक

तुमच्या हेल्पलाइनवरचा फोन आत्ताच ठेवला. यापुढे फोन नाही, जे काय ते लेखी.

माझ्या इलेक्ट्रिक गाडीचा पार्किंग ब्रेकचा लाल दिवा लुकलुकतो आणि स्क्रीनवर ‘पार्किंग ब्रेक तपासा’ असं येतं. तुमच्या वर्कशॉपने बारा व्होल्टची बॅटरी बदलली, गाडीच्या संगणकात नोंदलेला फॉल्ट कोड पुसला, जॉबकार्डवर ‘ओके’ लिहिलं आणि बिल माझ्या हातात ठेवलं. स्वारगेटच्या सिग्नलला दिवा परत लागला.

बारा व्होल्टची बॅटरी उतरली की ईव्हीत भलतेसलते इशारे येतात, हे मलाही माहीत आहे. म्हणूनच गाडी देण्याआधी मी ती मल्टिमीटरने तपासली होती. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, गाडी चालू केल्यावर १४ च्या आसपास. म्हणजे बॅटरी ठीक आणि तिला चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टरही ठीक. तुमच्या सल्लागाराने हे आकडे लिहूनसुद्धा घेतले नाहीत.

दोष कुठे आहे ते कानाने कळतं. मी मागच्या चाकाशी बसलो आणि सूनबाईंना पार्किंग ब्रेकचा स्विच ओढायला सांगितला. डाव्या चाकाच्या कॅलिपरवरची, म्हणजे ब्रेक पॅड आवळणाऱ्या भागावरची, मोटर घुर्र करते, आवाज जड होत जातो आणि थांबतो, ब्रेक बसतो. उजवीकडे नुसतं ‘टक्’. पुढे काही नाही. मोटर, तिचा कनेक्टर किंवा तिथवरची वायर, यातलंच काहीतरी. कनेक्टर चाकामागे चिखलपाण्याच्या माऱ्यात असतो आणि पावसाळा आत्ताच संपलाय. तो एकदा उघडून बघा, एवढंच मी सांगत होतो. भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये माझी सगळी नोकरी झाली, उगाच बोलत नाही.

आता आजचा फोन. सगळं पहिल्यापासून सांगितलं. पलीकडच्या मुलाने विचारलं, “सर, हँडब्रेक पूर्ण खाली केलाय का?” म्हटलं, या गाडीला दांडा नाही, स्विच आहे. “सर, दोन सीटच्या मध्ये बघा, तिथे असेल. तो वर राहिला की लाल दिवा लागतो.” म्हटलं, दोन सीटच्या मध्ये आर्मरेस्ट आहे. मॉडेल सांगितलं, चॅसी नंबर वाचून दाखवला. त्याने होल्डवर ठेवलं, बराच वेळ ठेवलं. परत आला तो म्हणाला, “काका, घरात कुणी तरुण आहे का? त्यांना फोन द्या, त्यांना समजेल.” तोवर मी ‘सर’ होतो. मला काय समजलेलं नाही ते सांगा, असं विचारल्यावर फोन कट. पाठोपाठ मेसेज : ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’

तुमच्या गाडीत दांडा नाही हे तुमच्याच माणसाला माहीत नाही, आणि अक्कल माझी काढतो! ज्या पुण्यात गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे, जिथे गाड्या बनवणारी आणि तपासणारी माणसं घरोघरी आहेत, तिथे ही उत्तरं?

आमचा रस्ता तळजईच्या चढावर आहे. जुनी पेट्रोल गाडी, तीही तुमच्याच कंपनीची, पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवली की इंजिन तिला धरून ठेवायचं. ईव्हीत ती सोय नाही. म्हणून रोज चाकामागे दगड लावतो. त्याच उतारावर सोसायटीची पोरं सायकली चालवतात. जुन्या गाडीने कधी दगा दिला नाही, म्हणून विश्वासाने पुन्हा तुमच्याकडे आलो. तो विश्वास आता राहिलेला नाही.

उजव्या मागच्या कॅलिपरची मोटर, कनेक्टर आणि वायरिंग माझ्यासमोर तपासा. पुसलेला फॉल्ट कोड काय होता ते स्कॅन रिपोर्टसह लेखी द्या. दोष हमीत दुरुस्त करा. बॅटरीचे पैसे परत करा, ती बदलायची गरजच नव्हती. आणि बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा.

आठवडाभरात लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. जॉबकार्ड, बॅटरीचं बिल, तुमचा तो मेसेज आणि दोन्ही चाकांच्या आवाजाचा व्हिडिओ जपून ठेवला आहे.

तुमचा ग्राहक,
सहकारनगर, पुणे