चाकं घेतोयस म्हणून लिहितोय

सातारा

प्रिय संजू,

तू पाठवलेले सायकलच्या चाकांच्या दोन्ही जोड्यांचे फोटो बघितले. काळ्या उंच रिमची, मोजक्या आऱ्यांची जोडी तुझ्या मनात भरली आहे, हे तू लिहिलं नाहीस तरी कळलं. फोनवर बोलायला बसलो तर तू मधेमधे "पण वजन किती कमी होईल?" एवढंच विचारत राहशील, म्हणून पत्र.

तर वजनाचं आधी मिटवू. या किमतीतल्या अॅल्युमिनियमच्या जोड्या साधारण १,८०० ते २,००० ग्रॅमच्या घरात असतात. त्यातले दीडशे-दोनशे ग्रॅम यवतेश्वरच्या चढाला तुला कळणारसुद्धा नाहीत. तुझं स्वतःचं वजन ९० किलो आहे आणि त्या विषयावर बोलायचं नाही असं आपलं ठरलंय, म्हणून पुढे जातो.

बघायचं ते हे की एक पावसाळा आणि एक ऊसाचा हंगाम काढल्यावर चाक सरळ फिरेल का. ते रिमवरच्या स्टिकरपेक्षा आरे कसे ताणलेत यावर जास्त ठरतं. स्वस्त चाकाचा माल बहुतेक वेळा ठीक असतो; काटकसर होते ती आरे भरणाऱ्याच्या वेळेत. मशीनवर चाक भरलं, आऊट, म्हणजे रिमची डुगडुग, काढला, खोक्यात घातलं. आऊट तर काय, एक आरा जास्त आवळून आणि शेजारचा सैल सोडूनही निघतो. दुकानात चाक सुतासारखं फिरतं आणि महिन्याभरात ब्रेकला घासायला लागतं.

तुझ्या टायरच्या मापाचं चाक एका किलोमीटरला साधारण ४७० वेळा फिरतं. प्रत्येक फेऱ्यात जो आरा खाली येतो त्याचा ताण थोडा उतरतो आणि वर जाताना परत चढतो. आरा मुळात चांगला ताणलेला असेल तर हा चढउतार त्याच्या गावीही नसतो. सैल असेल तर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, कानातून जिथे तो वाकून बाहेर येतो, तिथे दर फेऱ्याला हलतो आणि थकतो. म्हणून आरा खड्ड्यात आपटल्यावरच तुटेल असं नाही. एखाद दिवशी चांगल्या डांबरी रस्त्यावर, काही कारण नसताना 'टक' करून जातो. आणि बहुतेकदा मागच्या चाकाचा. तिकडे कॅसेटला, म्हणजे गिअरच्या दातेरी चक्रांच्या गठ्ठ्याला, जागा द्यायची म्हणून उजवे आरे जवळजवळ उभे बसतात, आणि डावे त्यांच्या निम्म्याहून थोड्या जास्त ताणावर राहतात. कमी आऱ्यांच्या चाकात एक तुटला की रिम इतकी वाकडी होते की सायकल खांद्यावर घेऊन घरी यावं लागतं. ३२ आऱ्यांच्या चाकात ब्रेक थोडा ढिला केलास की निदान हळूहळू सांगलीपर्यंत पोचशील.

दुकानात काय करायचं? आरे छेडायचे. तू मिरजेत वाढलास, तंबोऱ्याच्या तारा जुळवताना ऐकल्या असशील. तसंच कानाने बघायचं. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे सगळे आरे एका सुरात हवेत, डाव्या बाजूचे सगळे त्याहून खालच्या, पण आपसात एकाच सुरात. मधेच एखादा 'भद्द' वाजला तर ते चाक परत ठेव. मग समांतर जाणारे दोन-दोन आरे मुठीत धरून जोराने आवळ. दुकानदार बघत राहील, बघू दे. आवळल्यावर रिम हलली तर भरणाऱ्याने हे केलेलं नव्हतं असं समज. शेवटी पुढचं चाक उलटसुलट करून फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या चिमट्यात, घाल. रिम दोन्ही वेळेला मध्यभागी आली पाहिजे.

बेअरिंगसाठी चाक हातात धरून अॅक्सल बोटांनी फिरवायचा. खरखर नको. वाट्या-छऱ्यांच्या हबमध्ये सुटं असताना अगदी किंचित खेळ असेल तर घाबरू नकोस, चाक बसवायची दांडी, क्विक रिलीज, आवळल्यावर तो जातो. उलट सुट्यालाच घट्ट असेल तर आवळल्यावर जॅम होणार. सीलबंद बेअरिंग असेल तर त्यावरचा नंबर वाच. ६००१, ६९०२ असे सरळ नंबर असले तर कुपवाड एमआयडीसीत बेअरिंगच्या दुकानात चौकशी करता येते. तुझ्याकडची काळी माती ब्रेकमध्ये बसते आणि पावसाचं पाणी हबमध्ये शिरतं, तेव्हा बेअरिंग कधीतरी बदलावं लागणारच. फ्रीहब, म्हणजे कॅसेट जिच्यावर बसते ती नळी, स्टीलचा असला तर जड म्हणून नाक मुरडू नकोस. अॅल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये सुटी चक्रं दात रुतवून बसतात आणि कॅसेट काढताना हातोडी शोधावी लागते.

रिमच्या जोडावरून नख फिरव. पिनचा जोड म्हणजे वाईट असं काही नाही, पण पायरी लागली तर प्रत्येक ब्रेकला धक्का बसेल. रिमवर झिजेची खूण, म्हणजे बारीक खाच किंवा ठिपका, आहे का बघ. ती बुजली की रिम संपली. पसरणी घाट पावसात उतरताना ब्रेक पॅडमध्ये वाळू अडकते आणि रिम कानशीने घासल्यासारखी झिजते. बरं, स्वस्त कार्बन रिमचा विचार डोक्यात असेल तर तो याच घाटात सोडून दे. लांब उतारावर रिम ब्रेकने तापली की कार्बनमधला रेझिन मऊ पडायची भीती असते, आणि पाचगणीहून वाईपर्यंत तुझा हात ब्रेकवरून निघत नाही.

माझं म्हणशील तर दोन्ही फोटोंतलं काहीच घेऊ नकोस. साधी डबल वॉल (दुहेरी भिंतीची) रिम, ३२ आरे, स्टेनलेसचे, शक्यतो मधे बारीक असलेले, निपल, म्हणजे आरा रिमला आवळणारे छोटे नट, पितळी. अॅल्युमिनियमचे निपल पाणी खाल्लं की अडकतात आणि चावी फिरवताना गोल होतात. आरे नेहमीचे वाकलेल्या डोक्याचे असू देत, म्हणजे तुटला तर गावात मिळेल. त्या काळ्या जोडीचे चपटे आरे मागवायला कुठे जाशील? असा तयार जोड घेऊन माझ्याकडे ये. पोवई नाक्याजवळ आमचे एक मिस्त्री आहेत, ते ताण सारखा करून देतील. बोलतात कमी, चहा मात्र दोनदा घेतात. मजुरी धरूनही तुझ्या काळ्या जोडीपेक्षा स्वस्त पडेल असा माझा अंदाज आहे. आणि फ्रेममध्ये जागा असेल तर २८ मिमी रुंदीचे टायर घाल. ऊसाच्या ट्रॅक्टरांनी केलेल्या चरांत रिम वाचवायला याहून सोपा उपाय नाही.

पैसे देण्याआधी फ्रेमची मागची, चाक बसतं तिथली आतली रुंदी मोजून कळव, १३० मिमी की १३५. फूटपट्टीने मोज, अंदाजाने नको. आणि येशील तो सोमवार नको, मिस्त्रींचं दुकान बंद असतं.

काकूंना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
बाळ्या