नट स्लीव्हवरून उतरवू न देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

त्या गुरुवारी भोसरीत लाइट नव्हती, म्हणून तुम्ही सवडीने थांबलात. ते माझं भाग्यच. आमच्या मिलिंग मशीनवर बोअर, म्हणजे भोक, गोल येत नव्हता, एक्स अक्षाला ०.०६ मिमीचा बॅकलॅश (दिशा बदलताना टेबल न हलता वाया जाणारी हालचाल) दिसत होता आणि टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूसाठी मी दुहेरी नटाची ऑर्डर देऊन मोकळा झालो होतो.

तुम्ही नटाला हातही लावला नाहीत. स्क्रूच्या टोकाच्या सेंटरमध्ये ग्रीसने एक छोटा बॉल चिकटवलात, त्यावर डायलचं, म्हणजे बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या गेजचं, सपाट टोक टेकवलंत आणि मला स्क्रू हाताने पुढे-मागे फिरवायला सांगितलंत. काटा मिलिमीटरचे दोन शतांश हलला. म्हणजे एवढा प्ले स्क्रूचं टोक धरणाऱ्या सपोर्ट बेअरिंगचा होता, त्याचा लॉकनट ढिला झाला होता. तो आवळल्यावर उरलेला चार शतांश तेवढा नटाचा. हे मला कुणी कधीच दाखवलं नव्हतं.

मग टेबल मोकळं करून तुम्ही नट पूर्ण लांबीभर हाताने फिरवलात. मध्ये ढिला, टोकांना घट्ट. काम सगळं मध्येच होतं ना, स्क्रू तिथेच झिजलेला. ‘जड प्रीलोड घेतलास तर टोकाला जाऊन अडकेल, हलका घे,’ म्हणालात आणि दुकानात फोन करून माझी ऑर्डर स्वतः बदलून घेतलीत. प्रीलोड म्हणजे मोकळीक उरू नये म्हणून नटात आधीच ठेवलेला दाब. स्क्रू २५ मिमी व्यासाचा, ५ मिमी लीडचा (एका फेरीत नट तेवढा सरकतो), रोल्ड, म्हणजे आटे दाबून काढलेला. म्हणून सुटा नट चालला. ग्राइंडेड, म्हणजे आटे घासून काढलेला, असता तर स्क्रूसकट जोडीच घ्यावी लागली असती, हेही तेव्हाच कळलं.

नवा नट आला तेव्हा त्यातली प्लास्टिकची नळी मी पॅकिंग समजून ओढायला निघालो होतो. तुम्ही माझं मनगट धरलंत. ती निघाली असती तर बॉल फरशीवर विखुरले असते. नळी स्क्रूच्या टोकाला टेकवून नट सरळ थ्रेडवर कसा चढवायचा, ते तुम्ही तीनदा करून दाखवलंत. जुन्या नटातले बॉल सांडू नयेत म्हणून त्याच्यासाठी रूट डायमीटरपेक्षा, म्हणजे आट्यांच्या तळाच्या व्यासापेक्षा, किंचित बारीक स्लीव्हही (नळीही) लेथवर काढून दिलीत.

नटाच्या फ्लँजचे, म्हणजे त्याच्या रुंद कडेचे, बोल्ट हातानेच लावून, टेबल बेअरिंगच्या बाजूला नेऊन, समोरासमोरचे थोडे थोडे आवळायला लावलेत. एका जागी स्क्रू जड झाला तेव्हा मी पाना उचलला, तुम्ही शिम, म्हणजे फटीत घालायची पातळ पट्टी, उचललीत. नटाने अक्षाच्या दिशेचाच भार घ्यायचा, आडवा नाही. हे शब्दांत सांगून मला पटलं नसतं. शिम आत गेल्यावर स्क्रू दोन बोटांनी फिरला तेव्हा पटलं.

आता डायल एक शतांशावर थांबतो. काका, मनापासून आभार.

तुमची ती स्लीव्ह मशीनशेजारच्या खिळ्याला टांगली आहे. गेल्या आठवड्यात वाय अक्षाचा आवाज आला, तेव्हा आमच्या पोराने आधी ग्रीसचा डबा आणि एक छोटा बॉल मागितला.

तुमचा,
भोसरीचा शेजारी