पाणी आधी बघायला शिकवणाऱ्या साहेबांना

आदरणीय साहेब,
सादर नमस्कार.

निरोप समारंभात तुम्ही कुणाला भाषण करू दिलं नाहीत, म्हणून हे जाहीर आभार. रागावलात तरी चालेल.

तुमच्या हाताखाली आलो तेव्हा पूल म्हणजे मला गर्डर, स्लॅब आणि सळईचं गणित वाटायचं. माझं पहिलं ड्रॉइंग बघून तुम्ही एवढंच विचारलंत, "पाणी कुठून जाणार?" आणि नदीवर घेऊन गेलात. मोठा पूर कुठवर चढला होता ते काठावरच्या म्हाताऱ्यांना विचारायचं, झाडांत अडकलेला पाचोळा बघायचा, पात्राचे छेद, म्हणजे रुंदी-खोलीची मापं, पुलाच्या आधी आणि पुढे, प्रवाहाच्या दोन्ही अंगांना घ्यायचे. नदीवरचा पूल वरच्या ओझ्यापेक्षा पायाखालचा थर वाहून गेल्यानेच जास्त वेळा पडतो, हे तिथे उमगलं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की पाणी 64 पट वजनाचा दगड ढकलू शकतं. गाळे, म्हणजे खांबांमधल्या पाण्याच्या वाटा, कमी केले की पाणी दाटून वेग वाढतो; ते कमी करून पैसे वाचवू म्हणणाऱ्याला हा आकडा ऐकवताना तुम्हाला आनंदच व्हायचा, असा माझा संशय आहे.

पाणीपुरवठ्याचं गणित मी पुस्तकातून शिकलो होतो. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या नळातून न्यायचं, तर घर्षणात जाणारा दाब सुमारे 32 पट होतो, वगैरे. पण नळातली हवा सोडणारा उंचवट्यावरचा एअर व्हॉल्व्ह नि गाळ बाहेर काढणारा खोलगटातला स्कावर व्हॉल्व्ह कागदावर काढणं सोपं. भर पावसात, अंधारात तिथे माणूस पोचेल का? चेंबरमध्ये उतरून त्याला चावी फिरवता येईल का? हे पुस्तकात नव्हतं. आराखड्याच्या बैठकीत तुम्ही व्हॉल्व्हमनला खुर्ची द्यायचात आणि त्याचं ऐकून चेंबरचं माप बदलायचात. काहींना ते खटकायचं.

मोठ्या धरणाचं बोलावणं आलं तरी तुम्ही छोट्या पुलांवरच राहिलात. का, ते कधी सांगितलं नाहीत.

एक भांडण मात्र मिटलेलं नाही. फरशी पुलाची बाजू तुम्ही नेहमी घेतलीत: वर्षातले थोडेच दिवस बुडतो, आणि एका उंच पुलाच्या पैशांत दोन गावं जोडली जातात. हिशेब बरोबर आहे. पण पाणी वरून वाहत असताना लोक थांबत नाहीत, साहेब, आणि 60 सेंटीमीटर वाहतं पाणी बहुतेक मोटारी ओढून नेतं. पावसाळ्याआधी वाद घालायला घरी येतोय.

तुमचा,
एक कनिष्ठ अभियंता