दिल्ली टूरमध्ये सोमवार टाळा, म्युझियमला वेळ द्या

मा. संपादक,
सुट्ट्या जवळ आल्या की दिल्ली-आग्र्याच्या टूरच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यात एकाच दिवसात लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, इंडिया गेट सगळं कोंबलेलं असतं. आमच्या टूरवाल्यांनी तर लाल किल्ला चक्क सोमवारी ठेवला होता. सोमवारी तो बंद असतो, जनपथवरचं नॅशनल म्युझियमही बंद, मग बसमधूनच किल्ल्याची भिंत दाखवली आणि पुढे! लोक वर्षभर पैसे साठवून जातात हो, त्यांना असं वागवू नये.

नंतर आम्ही आमचे आम्ही लाल किल्ल्यात परत गेलो. तिथल्या दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे बादशहाच्या खास दरबारात, जो तो फोटो काढून निघतो, पण जरा मान वर करून छत बघा. आता तिथे रंगवलेलं लाकूड आहे, पूर्वी चांदी होती. १७६० ला दिल्ली घेतल्यावर सदाशिवरावभाऊंनी ती काढून वितळवली, फौजेला द्यायला पैसा नव्हता म्हणून, आणि पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. अवघड गोष्ट आहे, पण मराठी घरातल्या पोरांना ती त्याच छताखाली उभं करून सांगावी असं मला मनापासून वाटतं. बसमधल्या गाईडने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

नॅशनल म्युझियम तर बहुतेक टूरमध्ये नसतंच. शाळेच्या पुस्तकात पाहिलेली मोहेंजोदडोची नर्तकी तिथे आहे, आणि ती जेमतेम साडेदहा सेंटीमीटरची आहे, म्हणजे अर्धी वीत! डावा हात बांगड्यांनी भरलेला, उजवा कमरेवर, मान किंचित मागे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने एवढ्याशा ब्राँझमध्ये एवढा तोरा कसा आणला असेल, माझी मुलगी काचेला नाक लावून बघत बसली, हलेचना. तिथेच उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा गावी सापडलेले बुद्धांचे अस्थी-अवशेष पण आहेत. घाई केली तर यातलं काही दिसत नाही.

टूर कंपन्यांना एवढंच सांगणं आहे की दिल्लीला निदान दोन दिवस द्या, त्यात सोमवार नको, आणि अर्धा दिवस फक्त म्युझियमला ठेवा, हवं तर एखादं मार्केट कमी करा. मराठी बोलणारा, इतिहास माहीत असलेला गाईड द्या, त्याचे जास्तीचे पैसे लोक आनंदाने देतील. आणि संपादक साहेब, तुमच्या पर्यटन पुरवणीत टूरच्या जाहिराती येतात, त्यांच्या शेजारीच कुठलं ठिकाण कुठल्या वारी बंद असतं हे छापाल का?

आपली एक वाचक