शर्यतीत ॲम्ब्युलन्स किती, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका यात्रेनिमित्त होणाऱ्या सायकल शर्यतीची बातमी वाचली. पहिल्या पाच नंबरांची बक्षिसे, ढाल कोणाकडून, उद्घाटनाला कोण येणार, शर्यत कुठून सुटणार, सगळे व्यवस्थित आले आहे. ॲम्ब्युलन्सचा उल्लेख मात्र कुठेच नाही. डॉक्टर कोण, हेल्मेट सक्तीचे आहे का, पडलेल्या मुलाला कुठल्या दवाखान्यात नेणार, काही नाही. माझी सगळी नोकरी कॅज्युअल्टीत आणि हाडांच्या वॉर्डात गेली. शर्यतीची बातमी हाती आली की मी आधी हेच शोधते.

गावच्या शर्यतीला एवढे कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणून स्पेनमधल्या एका शर्यतीत काय झाले ते सविस्तर सांगते.

स्पेनच्या उत्तरेला, फ्रान्सच्या सरहद्दीला लागून बास्क प्रदेश आहे. तिथे दर एप्रिलमध्ये इत्सुलिया नावाची सहा टप्प्यांची शर्यत होते. १९२४ साली ती सुरू झाली. १९३५ मध्ये इटलीचा जिनो बार्ताली जिंकला, पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि शर्यत बंद पडली ती १९६९ साली परत सुरू झाली. त्या वर्षी फ्रान्सच्या जॅक आंक्तिलने ती जिंकली. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर तिथली गोल बास्क टोपी घालतात. मुलुख सगळा डोंगराळ, पाऊस कधी येईल नेम नाही, रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे. एक चढ संपला की उतार, उतार संपेपर्यंत पुढचा चढ. लोक घाटाच्या दोन्ही बाजूंना झेंडे घेऊन उभे राहतात आणि शेवटून येणाऱ्या खेळाडूलाही तितक्याच जोराने ओरडून बळ देतात.

माझा नातू सायकलिंग करतो. पहाटे तुळजापूर रोडला जातो, घाट चढतो आणि ऊन तापायच्या आत घरी येतो. मोबाइलवर या शर्यती बघायचा नाद त्याचाच, आता तो मलाही लागला आहे. एइबार या गावाबद्दल त्याने सांगितले तेव्हापासून मला ते फार जवळचे वाटते. आपल्या सोलापूरसारखे तेही कामगारांचे गाव. पूर्वी तिथे बंदुका बनत. त्याच कारखान्यांतून पुढे सायकली निघू लागल्या. ऑर्बिया ही १८४० सालची कंपनी मूळची तिथलीच आणि बीएच ही दुसरी सायकल कंपनीही तिथलीच. ऑर्बिया आज कामगारांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची आहे. माझे वडील गिरणीत होते. भोंगा झाला की सायकलींची रांगच्या रांग गेटातून बाहेर पडायची, ते मी लहानपणी पाहिले आहे. त्या गिरण्या गेल्या. एइबारमध्ये मात्र सायकल राहिली आणि तिच्याबरोबर शर्यतही राहिली. पुष्कळदा या शर्यतीचा शेवट तिथेच होतो.

आता २०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. त्या वर्षी जगातले मोठमोठे खेळाडू या शर्यतीत उतरले होते. आधीची दोन्ही वर्षे टूर द फ्रान्स ही जगातली सगळ्यात मोठी सायकल शर्यत जिंकलेला डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड होता, बेल्जियमचा रेम्को एव्हनपूल होता आणि एकूणात आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी स्लोव्हेनियाच्या प्रिमोझ रोग्लिचच्या अंगावर होती. ४ एप्रिलला चौथा टप्पा होता, एचारी-अरानात्स ते लेगुतियो. आपल्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ झाली होती. शेवटचे पस्तीस-छत्तीस किलोमीटर राहिले असताना ओलाएता घाटाच्या उतारावर, एका वळणावर, पुढचा एक घसरला आणि त्याच्यामागून एकेक करत बाकीचे रस्त्याबाहेर गेले. रस्त्याच्या कडेला पाणी वाहून जायला सिमेंटची चारी होती, पलीकडे झाडे आणि दगड. कोणी चारीत आदळले, कोणी झाडांत गेले.

कॅमेरा तिथे थोडा वेळ थांबला. विंगेगार्ड हालचाल न करता पडून होता. नातू म्हणाला, "आजी, हा उठत का नाही?" मी त्याला सांगितले, उठत नाही तेच बरे आहे, त्याला कोणी उठवू नये. आणि तिथे कोणी उठवलेही नाही. डॉक्टर आले, मान धरली, ऑक्सिजन लावला, स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधून मग गाडीत घेतले. हे बघायला माणसाला फार सावकाश वाटते. पण ते सावकाशच करावे लागते.

काय काय मोडले होते ते नंतर कळले. विंगेगार्डचे गळ्याजवळचे हाड आणि बरगड्या मोडल्या होत्या, फुफ्फुसाला मार बसून छातीत हवा साठली होती. एव्हनपूलचे गळ्याजवळचे हाड आणि खांद्याचे पाते गेले होते. बेल्जियमच्या स्टेफ क्रासला बरगड्या, मणके आणि फुफ्फुस असा तिन्हीकडे मार होता. ऑस्ट्रेलियाच्या जे वाइनच्या मानेचा मणका मोडला होता आणि पाठीचे दोन. माझ्या क्षेत्रातल्या माणसाला यातले शेवटचे वाक्य पुरेसे आहे. मानेचा मणका मोडलेल्या माणसाला बगलेत आणि गुडघ्यात धरून उचलले, त्याची मान एकदा जरी मागे लोंबकळली, तरी तो जन्मभरासाठी अंथरुणाला खिळू शकतो. जे वाइन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पेनच्या मोठ्या शर्यतीत, व्हुएल्तात, उतरला आणि डोंगरांच्या राजाची, म्हणजे घाटांवर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याची, जर्सी घेऊन घरी गेला.

त्या संध्याकाळी पुढे काय झाले, त्यासाठीच हे पत्र आहे. शर्यत थांबवली. शर्यतीबरोबरच्या ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टरांच्या गाड्या जखमींमध्ये गुंतल्या, पुढच्या खेळाडूंसोबत एकही उरली नाही, म्हणून थांबवली. सहा जण आधीच पुढे निघून गेले होते, तेवढ्यांना टप्प्याच्या विजयासाठी पुढे जाऊ दिले. बाकी सगळा घोळका शर्यत न लढता शेवटपर्यंत आणला आणि त्या दिवसाचा वेळ एकूण निकालात धरला नाही. अनेक देशांत थेट प्रक्षेपण चालू होते, पुरस्कर्त्यांचे पैसे अडकले होते, लेगुतियोला लोक वाट बघत उभे होते. तरीही ॲम्ब्युलन्स नाही तर शर्यत नाही, हा नियम चालला. दोन दिवसांनी एइबारला शर्यत रीतसर संपली आणि हुआन आयुसो हा २१ वर्षांचा स्पॅनिश मुलगा जिंकला. थांबवल्याने त्या शर्यतीची काही अप्रतिष्ठा झाली नाही.

विंगेगार्ड बारा दिवस दवाखान्यात होता. पुरते तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा तो टूर द फ्रान्सला उभा राहिला, अकराव्या टप्प्यात त्याचा मोठा प्रतिस्पर्धी, स्लोव्हेनियाचा पोगाचार, याला शेवटच्या काही मीटरमध्ये मागे टाकले आणि बोलताना रडला. एकूणात तो दुसरा आला. एव्हनपूल तिसरा आला आणि पुढे पॅरिस ऑलिम्पिकमध्ये टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाशी लढायची शर्यत) आणि रोड रेस (सगळ्यांनी एकत्र सुटायची) अशी दोन्ही सुवर्णपदके त्याने घेतली. रोग्लिच थोडक्यात बचावला होता, त्याने त्या वर्षीची व्हुएल्ता जिंकली. या मुलांची जिद्द मोठी आहे, मी ती कमी लेखत नाही. पण जिद्द दाखवायला माणूस आधी रस्त्यावरून नीट उचलला गेला पाहिजे.

आता आपल्याकडचे. मागे एका तालुक्यातल्या शर्यतीला मी नातवाबरोबर गेले होते. फाट्यावर वळणाला मुरूम पसरलेला होता, सकाळपासून तो कोणी झाडला नव्हता. बारावीतला असेल, असा एक मुलगा वळता वळता घसरला आणि खांद्यावर पडला. हेल्मेट नव्हते, डोक्याला रुमाल बांधला होता. मी गर्दीतून पुढे जाईपर्यंत त्याला बसवले होते, तोंडावर पाणी मारून झाले होते, कोणीतरी पाणी पाजतही होते. हलवू नका म्हणून मी ओरडत राहिले. दोघांनी बगलेत धरले, दोघांनी पाय धरले आणि टेम्पोच्या हौद्यात टाकून नेला. त्याच वेळी पुढे स्पीकरवर दुसऱ्या फेरीत कोण आघाडीवर आहे ते सांगणे चालू होते. त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले होते, मान शाबूत होती. ती शाबूत राहिली यात तिथल्या कोणाचेही कर्तृत्व नव्हते. उचलणाऱ्या चौघांनाही मी दोष देत नाही, ती पोरे मदतीलाच धावली होती. त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

१०८ आहे की, असे संयोजक म्हणतात. १०८ ची सेवा चांगली आहे, तिने पुष्कळ जीव वाचवलेले मी पाहिले आहेत. पण ती गाडी फोन केल्यावर निघते आणि असेल तिथून येते. त्या वेळी ती एखाद्या बाळंतिणीला घेऊन निघालेली असेल तर? शर्यतीची गाडी शर्यतीच्या मागेच चालली पाहिजे, आणि एक गाडी जखमीला घेऊन गेली तर दुसरी हवी. दुसरी नसेल तर पहिली परत येईपर्यंत मुलांना थांबवून ठेवावे. अर्धा तास सावलीत बसतील. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात तसेही बसवायला हवे.

बास्क देशात सगळे आदर्श आहे असेही मला म्हणायचे नाही. तो उतार आणि ती सिमेंटची चारी आधी कोणी बघितली होती का, हा प्रश्न आहेच. २०१५ साली बिल्बाओत तर पहिल्याच टप्प्याच्या शेवटी रस्त्यात लोखंडी खांब तसेच राहिले होते, त्यांच्यावर नुसते प्लॅस्टिकचे शंकू ठेवलेले. भरधाव घोळका त्यांवर आला, अमेरिकेच्या पीटर स्टेटिनाचा पाय आणि बरगड्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी खेळाडूंनी सुरुवातीलाच थांबून निषेध केला. आपल्याकडे ते खांब नाहीत, पण पांढरे पट्टे नसलेले गतिरोधक आहेत, गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आहेत आणि रस्त्यावर सांडलेले पाचट आहे. हे आदल्या दिवशी सायकलवरूनच फिरून बघावे लागते. जीपमधून गतिरोधक कळत नाही.

आणखी एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये झुरिचच्या जागतिक सायकल स्पर्धेत म्युरिएल फुरर ही १८ वर्षांची स्विस मुलगी जंगलातल्या उतारावर पडली. ती पडली हे बराच वेळ कोणाच्या लक्षातच आले नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. एवढ्या श्रीमंत देशात, एवढ्या मोठ्या स्पर्धेत हे होऊ शकते. मग आपल्या तीस-चाळीस किलोमीटरच्या रस्त्यावर, जिथे वळणावर एकही माणूस उभा नसतो, तिथे सुटलेली मुले आणि पोहोचलेली मुले कोण मोजते? प्रत्येक वळणावर एक माणूस आणि त्याच्या हातात फोन, एवढ्याला खर्च येत नाही. गावात यात्रा कमिटीची पोरे भरपूर असतात.

हेल्मेटबद्दल फार लिहीत नाही. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडून दगावला, त्यानंतर व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे झाले. आपल्याकडे ढालीच्या किमतीत हेल्मेटे येतील.

२०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय मान्यतेची पुणे ग्रँड टूर झाली. तेव्हापासून इथल्या मुलांच्या तोंडी मोठ्या शर्यतींची भाषा आहे, नातवाच्या मित्रांत तर दुसरा विषय नाही. ही मुले उद्या कुठे पोहोचतील सांगता येत नाही. त्यांची पहिली शर्यत मात्र यात्रेतलीच असते.

म्हणून आपल्याला विनंती आहे. शर्यतीची बातमी द्यायला कोणी आले, की बक्षिसांच्या आधी त्यांना विचारा: ॲम्ब्युलन्स किती, डॉक्टर किंवा सिस्टर कोण, जवळचा दवाखाना कोणता, हेल्मेट सक्तीचे आहे का. उत्तर मिळेल ते छापा. उत्तर नसेल तर तेही छापा. आपल्या पेपरात नाव यावे म्हणून कमिट्या काय काय करतात ते आपल्याला माहीत आहे. एवढेही त्या करतील.

माझ्याबरोबर नोकरी केलेल्या दोघी सिस्टर आता निवृत्त आहेत. आम्ही तिघींनी ठरवले आहे की जिल्ह्यातल्या कोणत्याही सायकल शर्यतीच्या आदल्या दिवशी गावात येऊन वळणावर उभ्या राहणाऱ्या पोरांना, पडलेल्या माणसाची मान कशी धरायची, त्याला फळीवर कसे घ्यायचे आणि त्याच्या तोंडात पाणी का घालायचे नाही, हे प्रत्यक्ष करून दाखवू. मानधन नको. येण्याजाण्याची सोय आणि सरावासाठी एक लांब फळी एवढेच लागेल. माझा फोन नंबर आपल्या कार्यालयात दिला आहे, ज्या कमिटीला हवा असेल तिला द्यावा.

आपली,
एक निवृत्त सिस्टर,
जुळे सोलापूर